बाळाची कावीळ आणि आईचं ताट

बाळाचा तिसरा दिवस. काल गुलाबी दिसणारं नाक आज पिवळसर वाटतंय. परिचारिका बाळाच्या कपाळावर बोट हलकंच दाबते आणि उचलते. दाबलेल्या जागी रक्त परत यायच्या आत क्षणभर खालची कातडी दिसते. ती पांढुरकी नसते, पिवळी असते. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आधी बाळाकडे जातात आणि मग आईकडे वळतात. "काय खाल्लंस तू?" तेलकट खाल्लं असेल, पिवळं काही खाल्लं असेल, पचायला जड काहीतरी पोटात गेलं असेल. संध्याकाळपर्यंत तिच्या ताटातल्या चार गोष्टी कमी झालेल्या असतात. जिला या घडीला पोटभर जेवणाची सगळ्यात जास्त गरज आहे, ती ओली बाळंतीण बेचव काहीतरी गिळत बसते आणि मनात एकच घोकते, माझ्यामुळेच झालं.

तिच्यामुळे झालेलं नसतं. आईच्या रोजच्या जेवणातून बाळाला कावीळ होत नाही. एखाददुसरा अपवाद आहे, त्याबद्दल पुढे सांगते. पण या काविळीत विचारायचा प्रश्न आईने काय खाल्लं हा नाहीच. बाळाच्या पोटात दूध किती गेलं आणि त्याने शी किती वेळा केली, हे विचारायचं.

पिवळा रंग येतो कुठून

मुका मार लागलेली जागा आठवा. आधी काळी-निळी, मग हिरवट, मग पिवळी होते आणि हळूहळू निवळते. काविळीचं रसायन तेच. रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन मोडलं की त्यातल्या हीम या भागापासून आधी बिलिव्हर्डिन हा हिरवा पदार्थ तयार होतो आणि त्यापासून बिलिरुबिन हा पिवळा. तांबड्या पेशी रोज मरतात, नव्या तयार होतात, त्यामुळे हे काम आपल्या सगळ्यांच्या शरीरात आयुष्यभर चालू असतं. आपण पिवळे होत नाही, कारण यकृत ते बिलिरुबिन वेळच्या वेळी बाहेर काढून टाकतं.

नवजात बाळाचा हिशेब मात्र तिन्ही बाजूंनी अडतो. गर्भाशयात प्राणवायू कमी मिळतो, म्हणून बाळ भरपूर तांबड्या पेशी घेऊन जन्माला येतं. श्वास सुरू झाला की एवढ्या पेशींची गरज उरत नाही. त्यात मोठ्यांची तांबडी पेशी १२० दिवस जगते, बाळाची ७० ते ९० दिवसच. एक ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की साधारण ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. वजनाच्या मानाने पाहिलं तर बाळाच्या शरीरात मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त बिलिरुबिन बनत असतं.

ते हातावेगळं करायचं काम जन्मापर्यंत वारेतून आईचं यकृत करत होतं. नाळ कापली की बाळाच्या यकृताला ते एकट्याने करावं लागतं. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याला साखरेसारख्या एका रेणूची जोड देतं, तेव्हा कुठे ते विरघळतं आणि पित्तातून आतड्यात उतरतं. पूर्ण दिवसांच्या बाळातही या विकराची ताकद जन्माच्या वेळी मोठ्यांच्या जेमतेम एक टक्का असते. ती मोठ्यांइतकी व्हायला तीन महिन्यांहून थोडा जास्त काळ लागतो. यकृत आजारी नसतं, नवखं असतं, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे.

तिसरी अडचण आतड्यात आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त समजून घ्यावी अशी तीच आहे. मोठ्यांच्या आतड्यातले जंतू बिलिरुबिनचं रूप बदलून टाकतात, शीचा तपकिरी रंग त्यातूनच येतो. बाळाच्या आतड्यात ते जंतू अजून वस्तीला आलेले नसतात. उलट तिथलं एक विकर यकृताने कष्टाने लावलेली जोड तोडून टाकतं. सुटं झालेलं बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतं. म्हणजे शी जितका वेळ आत थांबेल, तितका पिवळा रंग परत अंगात मुरेल. जन्मानंतरची ती काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट शी असते ना, तिच्यात बिलिरुबिनचा मोठा साठा असतो. ती लवकर बाहेर पडणं हाच काविळीवरचा पहिला उपाय, आणि ती बाहेर ढकलतं ते आईचं पहिलं चिकाचं दूध. चीक सारक असतो.

म्हणूनच पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण ६० आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरातल्या ८० बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते.

अंगावरचं दूध आणि दोन वेगळ्या काविळी

अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये कावीळ थोडी जास्त दिसते, हे खरं आहे. पण त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली कावीळ पहिल्या आठवड्यातली. ती दूध कमी पोचल्याची कावीळ आहे. दूध वाईट म्हणून नाही, पुरेसं पोटात गेलं नाही म्हणून. दूध कमी, म्हणून शी कमी, म्हणून बिलिरुबिन परत रक्तात. मग बिलिरुबिन वाढलं की बाळ सुस्तावतं, सुस्तावलेलं बाळ नीट ओढत नाही, म्हणून दूध आणखी कमी. असं हे चक्र फिरत राहतं आणि घरातले म्हणतात, "किती शहाणं बाळ, रडतच नाही." पहिल्या आठवड्यात न रडता चार-पाच तास झोपणारं पिवळं बाळ शहाणं नसतं, उपाशी असू शकतं. त्याला उठवायचं.

पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिलिलिटर चीक येतो. काही थेंब किंवा फार तर दोन चमचे. तो पुरतो, कारण पोटही लहानच असतं. वार पडल्यावर आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दोन-तीन दिवसांत छाती भरून येते. पहिलटकरणीला, सिझेरियननंतर, मधुमेह असेल किंवा रक्त जास्त गेलं असेल तर हा पान्हा उशिरा येऊ शकतो. त्या एक-दोन दिवसांतच कावीळ चढते. इथे आईला धीर आणि मदत लागते. ताटावर पहारा बसवून काही साधत नाही.

मदत म्हणजे काय, तर शेजारी बसून नीट पाहणं. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, फक्त बोंडी नाही तर भोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात आहे का, हनुवटी छातीला टेकलीय का. सुरुवातीला बाळ भराभरा ओढतं. दूध उतरू लागलं की लय बदलते. हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते, आणि हलकासा घुट ऐकू येतो. तो थांबा म्हणजे तोंडभर दूध. वीस मिनिटं नुसतीच बारीक चुळबुळ चालली असेल आणि असे घुट नसतील, तर बाळ छातीवर आहे पण पीत नाही. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. ओढायची ताकद कमी वाटली तर छाती हाताने हळू दाबत राहायचं, म्हणजे दूध पुढे येतं. त्यानेही जमलं नाही तर दूध काढून चमच्या-वाटीने द्यायचं. कधी डॉक्टर काही दिवस वरचं दूधही द्यायला सांगतात. ते गरजेपुरतं घेतलं आणि छाती रिकामी करत राहिलं तर अंगावरचं पाजणं मोडत नाही.

पोटात जातंय की नाही, ते लंगोट सांगतात. काळी शी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत हिरवट होऊन पिवळी झाली पाहिजे, दिवसाला तीन-चार वेळा तरी व्हायला हवी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा तरी ओले लंगोट. सुरुवातीला थोडं वजन उतरतं, ते स्वाभाविक आहे. पण जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत घसरलं तर पाजण्याची पद्धत त्याच दिवशी कोणीतरी जाणकाराने पाहायला हवी. उतरलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यायला हवं.

दुसरी कावीळ याच्या अगदी उलट. बाळ गुटगुटीत, वजन चढतंय, शी पिवळी, शू भरपूर, आणि तरी डोळे-चेहरा पिवळाच. पहिला आठवडा संपता संपता ती ठळक होते, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि महिना, दोन महिने, कधी तीन महिनेही रेंगाळते. ही खऱ्या अर्थाने अंगावरच्या दुधाची कावीळ.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची पहिल्यांदा नीट नोंद झाली. तेव्हा संशय दुधातल्या एका संप्रेरकासारख्या पदार्थावर होता, पण पुढच्या अभ्यासांमध्ये तो ठामपणे टिकला नाही. नंतर दुधातली सुटी मेदाम्लं, आतड्यात जोड तोडणारं ते विकर, पेशींच्या वाढीशी संबंधित प्रथिनं अशी नावं पुढे आली. बाळाच्या बाजूनेही कारण असतं. बिलिरुबिनला जोड देणाऱ्या विकराच्या जनुकात काही बाळांमध्ये छोटे फरक असतात आणि अशांमध्ये ही कावीळ जास्त रेंगाळते. म्हणजे दूध आणि बाळाची जडणघडण मिळून हे घडतं. या संशयितांच्या यादीत कुठल्याही पदार्थाचं नाव नाही. तेल नाही, डाळ नाही, पिवळ्या रंगाचं काही नाही.

पूर्वी खात्री करायला एक-दोन दिवस अंगावरचं दूध बंद ठेवत. बिलिरुबिन भरकन उतरे आणि निदान पक्कं होई. पण त्या दोन दिवसांत कित्येक जणींचं दूध आटे, आणि आपलं दूधच बाधतंय असा समज जन्मभर राही तो वेगळाच. बाळ ठणठणीत असेल आणि पातळी मर्यादेत असेल तर आता हे करत नाहीत. पाजत राहायचं, एवढंच.

मग पथ्य आलं कुठून

मला वाटतं, ते मोठ्यांच्या काविळीतून आलं. मोठ्या माणसाच्या यकृताला सूज येते, भूक मरते, तेलकट नकोसं होतं, म्हणून हलकं खायला सांगतात. तोच नियम कोणीतरी बाळाला लावला आणि बाळ जेवत नाही म्हणून आईला. पण बाळाचं यकृत सुजलेलं नाही, आणि आईच्या ताटातलं तेल जसंच्या तसं बाळाच्या यकृतापर्यंत जातही नाही.

दूध जठरातून थेट छातीत येत नाही. छातीतल्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आईच्या रक्तातून कच्चा माल घेतात आणि दूध तिथे नव्याने घडवतात. त्यात साधारण ८७ टक्के पाणी, ७ टक्के दुग्धशर्करा, एक टक्क्याच्या आसपास प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के स्निग्धांश. आई तेलकट जेवली काय आणि कोरडं जेवली काय, स्निग्धांशाचं एकूण प्रमाण फारसं हलत नाही. स्निग्धांशाचा प्रकार तेवढा आहाराप्रमाणे थोडा बदलतो. चीक पिवळा दिसतो तो कॅरोटीनमुळे, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यामुळे. त्याचा बिलिरुबिनशी काहीही संबंध नाही. मोठं बाळ खूप गाजर खाऊन नारिंगी दिसलं, तरी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो.

मग आईच्या आहाराला काहीच महत्त्व नाही का? खूप आहे, फक्त काविळीसाठी नाही. ब जीवनसत्त्वांपैकी बरीच, अ आणि ड जीवनसत्त्व, आयोडीन, हे दुधात किती उतरेल ते आईच्या शरीरातल्या साठ्यावर ठरतं. आईला बी-१२ ची मोठी कमतरता असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाची वाढ आणि मेंदूचा विकास काही महिन्यांत खुंटू शकतो. कॅल्शियमचं उलट आहे. ते दुधात कमी पडत नाही, आईच्या हाडांतून तात्पुरतं काढलं जातं. म्हणजे अर्धपोटी ठेवलं की आधी झिजते ती आई. दूध तयार करायला तिला दिवसाला ५०० च्या आसपास जास्तीच्या कॅलरी लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण तिचं जेवण तोडतो. याचा मला मनापासून राग येतो.

अपवादाचं आता. काही बाळांमध्ये जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, मुलग्यांमध्ये जास्त. हे विकर तांबड्या पेशींना जपतं. ते कमी असताना विशिष्ट पदार्थांशी संपर्क आला की पेशी एकदम फुटतात आणि बिलिरुबिन धोक्याच्या पातळीवर उसळतं. अशा बाळाच्या आईने बाकला म्हणजे फावा बीन टाळायची, आणि डॅप्सोन, प्रायमाक्विन, नायट्रोफ्युरँटॉइन किंवा सल्फा गटातली औषधं विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेले कपडे, दुपटी अशा बाळाला वापरायची नाहीत. त्यातल्या नॅप्थॅलीननेही पेशी फुटतात. सल्फा औषधं तर पहिल्या महिन्यात एरवीही जपून, कारण ती बिलिरुबिनला त्याच्या वाहक प्रथिनापासून दूर ढकलतात. दूध वाढवण्यासाठी घेतलेली काढे-चूर्णं औषधंच असतात, तीही डॉक्टरांना सांगायची. याव्यतिरिक्त, बाळ पिवळं झालं म्हणून आईने एकही घास सोडायचं कारण नाही.

पाणी, ऊन आणि निळा दिवा

बाळाला पाणी किंवा साखरपाणी पाजून कावीळ "धुऊन" निघत नाही. सुटं बिलिरुबिन पाण्यात विरघळतच नाही, ते जायचं शीतून, शूतून नव्हे. पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं, शी कमी होते आणि आपण पुन्हा त्याच चक्रात.

उन्हाची गोष्ट जरा वेगळी, कारण तिच्यात खरं बीज आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळणाऱ्या सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणात ऊन खायला नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग फिकं झालेलं, पण दुपट्याचा कोपरा जिथे आला होता तेवढा तुकडा गडद पिवळा. पुढे तिथेच काविळीच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तपासल्यावर तिच्यातलं बिलिरुबिन चक्क उतरलेलं निघालं. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दिव्याचं यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आजच्या फोटोथेरपीची सुरुवात ती. निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो. बदललेला रेणू यकृताच्या जोडीविना बाहेर पडू शकतो. नवख्या यकृताला असा वळसा मिळतो.

मात्र उन्हात हा प्रकाश किती मिळाला, ते मोजता येत नाही. सोबत अतिनील किरण येतात, कोवळी कातडी भाजते, उघडं बाळ गारठतं. आणि मुख्य म्हणजे ऊन देतोय या समाधानात तपासणीचे दोन दिवस निघून जातात. दिव्याखाली ठेवायचं की नाही, हे बाळाचं वय तासांत मोजून, दिवस किती भरले आणि बिलिरुबिन किती हे पाहून ठरतं. नुसत्या नजरेने, विशेषतः सावळ्या कातडीवर, अंदाज चुकतो. दिव्याखाली असतानाही दर दोन-तीन तासांनी बाळाला उचलून पाजायचं असतं.

हे सगळं सांगितलं म्हणून कावीळ हलक्यात घेऊ नका. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी मानायची नसते. आई-बाळाचे रक्तगट न जुळणं, जी६पीडी, जंतुसंसर्ग अशी कारणं त्यामागे असतात. बिलिरुबिन फार चढलं तर ते मेंदूत शिरतं. बाळ उठवूनही उठत नाही, दूध ओढत नाही, आधी लुळं पडतं आणि मग पाठीची कमान करतं, कर्कश, उंच पट्टीत रडतं. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. यातून राहिलेलं बहिरेपण किंवा हातापायांचं अपंगत्व भरून येत नाही, आणि वेळेत मोजलं तर ते टळतं.

आणि रेंगाळलेली कावीळ. अंगावर पिणारं बाळ तीन-चार आठवड्यांनीही पिवळं असेल तर एक रक्ततपासणी करून घ्यायचीच, जोड लागलेलं बिलिरुबिन वाढलंय का ते पाहायला. ते वाढलेलं असेल तर दोष दुधाचा नाही, पित्ताची वाट अडलेली असू शकते. घरी त्याची खूण लंगोटात दिसते. शी खडूसारखी पांढुरकी, आणि शू, जी या वयात पाण्यासारखी असायला हवी, ती लंगोटावर पिवळा डाग सोडते. पित्तनलिका बंद असेल तर जपानी शल्यचिकित्सक मोरिओ कसाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया करतात. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. "दुधाची कावीळ आहे, जाईल" म्हणत हे दिवस घालवू नयेत.

तपासणी नीट आली, शी पिवळी आहे, वजन चढतंय, तर पाजणं चालू ठेवायचं. रंग पायांकडून वर ओसरत येतो. डोळ्यांचा पांढरा भाग सगळ्यात शेवटी स्वच्छ होतो, आणि त्याला कधीकधी तिसरा महिना उजाडतो.